पीचच्या बनाची गुंडाळी: फेब्रुवारी ते जानेवारीच्या नोंदी

१७ फेब्रुवारी

चीनमध्ये सुझौला येऊन सहा वर्षं झाली, त्यातली चार वर्षं दर शनिवारी सकाळी जुन्या गावात एका बाईंकडे शाईचित्र शिकतेय. त्यांना आम्ही सगळे लाओशी म्हणतो, इथे शिकवणाऱ्याला असंच म्हणतात. आतापर्यंत बांबू, खडक, एकेक फांदी एवढंच केलं, या वर्षी पहिल्यांदाच आडवी लांब गुंडाळी (हातात उलगडत बघायचं चित्र) करायची ठरवलीय आणि विषय घेतलाय पीचच्या बनाची गोष्ट. असलं काही करायला बसलेल्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून नोंदी मराठीत ठेवतेय.

आधी गोष्ट लिहून टाकते, कारण पुढची सगळी डोकेदुखी तिच्यातूनच निघणार आहे. थाओ युआनमिंगने ४२१ सालच्या सुमाराला लिहिलेली ही गोष्ट इथे शाळेतल्या पोरांना पाठ असते. वूलिंगचा एक कोळी होडी घेऊन ओढ्याने जातो, किती लांब आलो ते विसरतो आणि अचानक दोन्ही काठांना पीचचं बन लागतं, शेकडो पावलं नुसती पीचची झाडं, मध्ये दुसरं एक झाड नाही. बन संपतं तिथे ओढ्याचा उगम, डोंगर, डोंगराला एक बारीक भोक आणि आत उजेड असल्यासारखं काहीतरी. होडी सोडून तो आत शिरतो, सुरुवातीला जेमतेम एक माणूस जाईल एवढीच वाट, बरीच पावलं तसं गेल्यावर एकदम मोकळं होतं. सपाट जमीन, शेतं, तळी, तुती, बांबू, कोंबडे आरवतायत, कुत्री भुंकतायत. तिथल्या लोकांचे पूर्वज छिन राजवटीच्या धामधुमीत पळून आत आलेले, तेव्हापासून बाहेर कुणी गेलेलं नाही, हान राजवट आली नि गेली हेही त्यांना माहीत नाही. ते त्याला घरी नेतात, कोंबडी कापतात, दारू पाजतात. निघताना सांगतात, बाहेर कुणाला सांगू नकोस. हा परत जाताना जागोजागी खुणा करून ठेवतो आणि थेट जाऊन अधिकाऱ्याला सांगतो. अधिकारी माणसं पाठवतो पण वाट सापडत नाही ती नाहीच.

सामान: पक्का श्वेन कागद (म्हणजे सरस-तुरटीची खळ दिलेला, कच्चा कागद शाई पितो आणि त्यावर बारीक काम होत नाही) चार चिनी फुटी १० ताव, १८० युआन. एक ताव ६९ बाय १३८ सेंटिमीटरचा, लांबीत मधोमध कापला की साडेचौतीस सेंटिमीटरची पट्टी मिळते, तशा तीन जोडून चार मीटरच्या वर लांबी होते. मॅलाकाइट आणि अझुराइटच्या (हिरव्या आणि निळ्या दगडी रंगांच्या) पुड्या ४२० युआन, पाच पाच ग्रॅमच्या, हा सगळ्यात मोठा खर्च. गेरू, हिंगूळ, नीळ, शिंपल्याची पांढरी भुकटी मिळून १५०. हूचौचे चार ब्रश १६०. शाईची कांडी आणि सहाण घरात होतीच.

२ मार्च

हॉलमधला सोफा भिंतीला लावला, फरशीवर चार मीटर साधा कागद पसरला आणि कोळशाने सगळी मांडणी एका रविवारात करून टाकली. उजवीकडून ओढा, होडी, बन, डोंगर, गुहा, गाव, परतीची वाट. स्टुलावर चढून फोटो काढला. बघायला फार सुंदर दिसत होतं, डोंगराची रेघ उजवीकडून चढत मध्यावर उंच जाते आणि डावीकडे हळूहळू उतरते. दहा तास गेले.

९ मार्च

ते दहा तास वाया गेले.

लाओशींनी फोटो बघितलाच नाही. कागद मागितला, दोन्ही टोकांना लाटण्यासारखे दोन दांडके लावले आणि गुंडाळायला घेतला. मग माझ्यासमोर टेबलावर ठेवून म्हणाल्या, "आता उघड. डाव्या हाताने सोडत जा, उजव्याने गुंडाळत जा." मी उघडत गेले. एका वेळी दिसतं ते दोन हातांमधलं, साठ सेंटिमीटर फार तर. माझी ती चढती उतरती रेघ कुठेच नव्हती, ती फक्त स्टुलावरून दिसत होती. त्याहून वाईट म्हणजे बनाची शेवटची झाडं, गुहा आणि गावातली पहिली घरं तिन्ही एकाच वेळी हातात आली. कोळी अजून होडीत बसलाय आणि बघणाऱ्याला गाव दिसून गेलं.

लाओशी म्हणाल्या, "त्याला माहीत नाही तर बघणाऱ्याला कसं माहीत?"

एवढं एकच वाक्य, पण घरी येईपर्यंत मेट्रोत तेच डोक्यात फिरत राहिलं. ही गोष्ट म्हणजे पुढे काय ते न दिसण्याचीच गोष्ट आहे, आणि गुंडाळी हा प्रकारसुद्धा तसाच, आलेलं मागे गुंडाळलं जातं आणि पुढचं डाव्या हातात बंद असतं. मी कुडाळची, आमच्याकडे पिंगुळीला चित्रकथी असते, त्यात एकेक सुटं पान पुढे करत गोष्ट सांगतात, पान बदलल्याशिवाय पुढचं कळत नाही. लहानपणी बघितलेलं असूनही मला हे सुचू नये याचं फार वाईट वाटलं.

नवीन पद्धत: फरशी बंद. स्वस्त कागदाची गुंडाळी करून टेबलावरच साठ साठ सेंटिमीटर उघडून मांडणी करायची, दर खेपेला पहिल्यापासून उघडत यायचं. याला तीन आठवडे लागले.

३० मार्च

थायहू तलावाच्या काठी एका पीचच्या बागेत अख्खा दिवस घालवला. स्केच काढून लक्षात आलेलं लिहिते. फुलं येतात तेव्हा पानं जवळजवळ नसतातच, नुसत्या काळपट फांद्या आणि त्यावर गुच्छ. फुलं फांदीला अगदी चिकटून असतात, देठ दिसत नाही, मी आतापर्यंत चेरीसारखी लोंबती काढत होते ते चूक. जुन्या खोडावर डिंकाचे मधाच्या रंगाचे गोळे. लांबून बघितलं की फूल असं दिसतच नाही, गुलाबी धूर दिसतो आणि त्यात मध्ये मध्ये काळ्या रेघा.

१३ एप्रिल

पहिल्या पट्टीवर प्रत्यक्ष काम. ओढा, काठ, होडी नीट झाली. बनाच्या खोडांना शाईचा हलका हात दिला आणि कागदावर पावसाचे थेंब पडल्यासारखे गडद ठिपके उठायला लागले, आधी दोन, मग वीसेक, शाई तिथे आत शिरून पसरत होती. मला वाटलं माझा हात ओला होता. लाओशींना व्हिडिओ कॉल केला तर त्या बघताक्षणी म्हणाल्या तुरटी गेलीय. पक्का कागद जुना झाला किंवा दमट जागी राहिला की खळ जागोजागी मरते, बाहेरून काही कळत नाही, ओला हात फिरला की कळतं. दुकानदाराने स्वस्तात दिला तेव्हाच विचारायला हवं होतं. दोन शनिवार-रविवारांचं काम गेलं.

उपाय, पुढे कुणाला लागला तर: काम सुरू करायच्या आधी प्रत्येक तावाच्या कडेला आणि मध्ये स्वच्छ पाण्याचे ठिपके द्यायचे. थेंब वर टिकला तर ठीक, कागद पारदर्शक झाला तर गेला. गेलेल्या कागदाला पुन्हा खळ देता येते, सात भाग सरस आणि तीन भाग तुरटी असं जुनं माप सांगतात, ऋतूप्रमाणे कमीजास्त करतात, पण अगदी पातळ हवी आणि रुंद ब्रशने एकाच दिशेने द्यायची. मी पहिल्यांदा दाट दिली, कागद पापडासारखा कडकडीत झाला आणि घडी पडली तिथे तडकला. शेवटी नवीन कागद घेतला, या वेळी दुकानात उभं राहून पाण्याने तपासून, २६० युआन.

११ मे

पहिली पट्टी पुन्हा पूर्ण. फुलांचा क्रम असा बसला: खोडं शाईने, वाळू द्यायची, मग शिंपल्याच्या पांढऱ्याचे ठिपके, ते पूर्ण वाळल्यावर अळत्यासारखा लाल अगदी पातळ करून ठिपक्याच्या बुडाशी टेकवायचा आणि स्वच्छ ओल्या ब्रशने वर ओढायचा. पांढरं शिंपल्याचंच घ्यायचं, शिशाचं पांढरं वर्षांनी काळं पडतं, जुन्या चित्रांत गोऱ्या चेहऱ्यांचे काळे झालेले दिसतात ते त्यामुळे.

एक चूक झाली, सगळी फुलं एकाच ताकदीची काढली. पाचशेच्या वर ठिपके, सगळे सारखे, बघून डोळा कुठे थांबतच नाही. मागच्या रांगेतल्या झाडांवर पातळ राखाडी पाण्याचा हात मारून ती मागे ढकलली, तेव्हा बागेतला तो धूर थोडासा आला.

१ जून

माणसं. कोळी किती वेळा काढायचा यावर बराच वेळ गेला, एकाच गुंडाळीत तोच माणूस परत परत येऊ शकतो, तशी रीत आहे. मी चार वेळा ठरवला: होडीत बसलेला, काठावर वाकून भोकातून बघणारा, गावात लोकांनी घेरलेला, आणि परत जाणारा. गुहेखाली होडी रिकामी. गावात त्याच्या खांद्यावर वल्हं दिलं, म्हणजे लांबूनही ओळखू येतो, पण पहिल्या खेपेत वल्हं घराच्या दारापेक्षा लांब झालं. पक्क्या कागदावर वाळलेली शाई निघत नाही, म्हणून घराला एक माळा चढवला.

कपड्यांचाही प्रश्न होता. मूळ गोष्टीत लिहिलंय की तिथल्या बायापुरुषांचे कपडे अगदी बाहेरच्या लोकांसारखे, आणि "बाहेरचे" म्हणजे नेमके कुणासारखे यावर अजून वाद घालतात, कारण हे लोक तर पाचशे-सहाशे वर्षं बंद आहेत. लाओशींनी सांगितलं की कोळ्याला आणि त्यांना सारखेच कपडे घाल, फक्त त्यांचे जरा जास्त धुतलेले दिसू देत. मला हे फार आवडलं, गेरू एक हात कमी देऊन केलं.

२२ जून

पावसाळा लागला, इथे जूनच्या मध्यापासून महिनाभर नुसती रिपरिप असते, त्याला प्लमचा पाऊस म्हणतात. भिंतींना ओल, कपाटात बुरशी. आणि नेमका आता हिरवा द्यायचा होता.

मला जुना चित्रकार चिउ यिंग काढायचा तसे निळे-हिरवे डोंगर हवे होते. तो याच भागातला, थायत्सांगचा, आधी लाखेचं काम करणारा कारागीर, पुढे झोऊ चेनकडे शिकला. त्याच्या डोंगरांचा हिरवा आतून येतो असं वाटतं. त्याचं कारण साधं आहे: खाली आधी गेरू, खडकाच्या पायथ्याशी जास्त आणि वर विरत जाणारा, मग त्यावर हिरवा उलट, माथ्याशी जास्त आणि खाली विरत, तोही पातळ पातळ तीन-चार हातांनी. मॅलाकाइट कुटून पाण्यात निथळवतात, जाड कण लवकर बसतात तो गडद, सगळ्यात बारीक उशिरा बसतो तो फिका, असे चार नंबर असतात. मी पहिला हात चौथ्या नंबरचा आणि शेवटचा दुसऱ्याचा दिला.

पहिल्या डोंगरावर सरस कमी पडला. वाळल्यावर बोट फिरवलं तर बोट हिरवं. दुसऱ्यावर भीतीने जास्त घातला तर रंग मेला, शेवाळलेल्या टाकीसारखा काळसर दिसायला लागला. तिसऱ्यावर जमलं: वाटीत रंग बोटाने सरसात घोटायचा, वाटी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची, कारण सरस थंड झाला की आळतो, आणि आधी फालतू कागदावर देऊन, वाळवून, बोट फिरवून बघायचं. काम झालं की वाटीत उकळतं पाणी ओतायचं, सरस वर येतो, ते पिवळट पाणी काढून टाकायचं, रंग खाली राहतो. मी एका रात्री तसंच सोडलं, दोन दिवसांनी वाटीला असा वास आला की अख्खी वाटी फेकावी लागली, १४० युआनचा हिरवा परत आणला.

२० जुलै

तिन्ही पट्ट्या जोडून झाल्या होत्या आणि मी मनातून खूश होते. ऑफिसमधला एक सहकारी जेवायला आला, शानतुंगचा, सहा फूट. त्याला उघडायला दिली. त्याने सहज हात पसरले आणि एकदम पाऊण मीटरच्या वर कागद उघडला. गुहा आणि गाव दोन्ही त्याच्यासमोर.

मी चार महिने माझ्या हातांनी मोजत होते. माझे हात आखूड.

तो बिचारा म्हणत होता किती छान झालंय, आणि मला मात्र भाताचा घास जाईना.

१० ऑगस्ट

लाओशींशी बोलले. त्या म्हणाल्या की एक तर असंच राहू दे, चांगलं झालंय, आणि दुसरं म्हणजे काप. मी विचारलं, "लाओशी, तुम्ही काय केलं असतं?" त्या म्हणाल्या, "मी सत्तरीची आहे, मी राहू दिलं असतं. तू काप."

कापायचं म्हणजे गुहेच्या डाव्या बाजूला सुरी लावून मध्ये नुसत्या खडकाची पट्टी घालायची. किती लांब? सहकाऱ्याने जेवढा कागद उघडला होता त्याहून थोडी जास्त. म्हणजे कुणीही उघडलं तरी एक वेळ अशी यायलाच हवी की दोन हातांमध्ये दगडाशिवाय काही नाही, ना झाड, ना माणूस, ना पाणी. गोष्टीत त्या अरुंद वाटेचं वर्णन मोजक्या शब्दांत संपतं आणि मी तिला नखाएवढं भोक देऊन मोकळी झाले होते.

३१ ऑगस्ट

पट्टी झाली. हा सगळ्या कामातला सगळ्यात अवघड तुकडा. नुसता खडक काढायचा म्हणजे रेघा सोडून हातात काही नाही. आधी वाखाच्या दोऱ्यांसारख्या लांब सैल रेघा ओढल्या तर टेकडी झाली, मऊ. फेकली. मग ब्रश आडवा धरून कुऱ्हाडीच्या घावासारखे फटकारे मारले तर खडक कठीण झाला पण शेजारच्या माझ्याच डोंगरांशी त्याचं काही नातं राहिना. तोही फेकला. तिसऱ्यात गुहेजवळ वाखाच्या रेघांनी सुरू केलं, मध्याकडे त्या आखूड, दाट, कोरड्या करत नेल्या आणि गावाकडे परत सैल सोडल्या. हिरवा दोन्ही टोकांना, मध्ये नुसती शाई. मध्यभागी शाई इतकी गडद झालीय की कागद दिसत नाही, फक्त एक उभी फट, केसाएवढी, कोरी सोडलीय.

जोड: मला वाटलं होतं खडकाच्या रेघेनुसार वाकडं कापलं तर लपेल. लाओशींनी सरळच कापायला लावलं, वाकडा काप ओला झाला की सगळीकडे सारखा ताणत नाही. दोन्ही कडा घासून पातळ केल्या, तीन मिलिमीटर एकावर एक, गव्हाच्या सत्त्वाची खळ. जोडावर नंतर दोन-तीन रेघा ओढल्या. जवळून बघितलं तर जोड कळतो, कळू दे.

१४ सप्टेंबर

शेवट. वाट हरवली हे कसं काढायचं? मी आधी अधिकाऱ्याची माणसं काढली होती, काठावर गोंधळून उभी असलेली. ती असली की बघणारा त्यांच्याकडे बघतो. त्यांना पुसणं शक्य नव्हतं, म्हणून तिसऱ्या पट्टीचे शेवटचे ४५ सेंटिमीटर कापून कोरा कागद जोडला. आता परत जाणारा कोळी, त्याने खुणेला झाडाला बांधलेली एक चिंधी, पुढे थोडं पाणी, आणि मग काही नाही.

२६ ऑक्टोबर

मांडणीवाल्याकडे (चित्राला मागून अस्तर लावून गुंडाळी बांधून देणाऱ्याकडे) दिली. सगळे सांगतात गुंडाळीला अस्तर पावसाळ्यात लावू नये, ऑक्टोबर बरा, भिंतीवर ताणून सावकाश वाळते. १३०० युआन, पाच आठवडे. दिल्यानंतर तीन दिवसांनी सहज डोकवायला गेले म्हणून बरं, त्याने शेवटच्या कोऱ्या भागावर पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली होती, तिथून कापणार होता, त्याला वाटलं उरलेला कागद. मी कोऱ्या भागाबद्दल चिठ्ठी लावायला हवी होती. तुम्ही लावा.

३० नोव्हेंबर

आली. गुंडाळल्यावर मनगटाएवढी जाड. घरी उघडली तर दुसऱ्या डोंगराच्या माथ्यावर हिरव्याला बारीक उभ्या चिरा, जिथे मी चार हात दिले होते तिथेच. लटकवायच्या चित्रात चाललं असतं, हे दर वेळी वाकणार. वांग शिमंगचं १११३ सालचं जवळजवळ बारा मीटरचं हिरवं-निळं चित्र बेजिंगच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे, उघडलं की रंग झडतो म्हणून ते क्वचितच बाहेर काढतात, हे मी वाचलेलं होतं आणि तरी चार हात दिले. आडव्या गुंडाळीला दोन, फार तर तीन. चिरांवर पातळ सरस टेकवला, आणि आता आत जाड पुठ्ठ्याची नळी घालून त्यावर सैल गुंडाळते.

आजपर्यंतचा खर्च २,६१० युआन, रुपयांत साधारण तीस हजार. शनिवार-रविवार धरून तीनशे तासांच्या आसपास.

८ जानेवारी, कुडाळ

सुट्टीत घरी आणली. जेवणं झाल्यावर आईला पाटावर बसवून दिली, कसं उघडायचं तेवढं दाखवलं, गोष्ट सांगितली नाही. ती सावकाश बघणारी. बनाशी पाच मिनिटं थांबली, होडीतल्या माणसाचा चेहरा बघायला चष्मा वर केला. मग पुढे सरकली, रिकामी होडी, भोक, आणि खडक आला. थोडं सोडलं, अजून खडक. हात थांबला.

"सोपला काय गो?"

मी काही बोलले नाही. तिने डावा हात जरा हलवला, परत दगडच, म्हणाली, "हय नुसतो दगड आसा," आणि गुंडाळी खाली ठेवणार इतक्यात तिला ती कोरी फट दिसली असावी, कारण बोट तिथे नेलं, आणि परत उघडायला लागली.

"गो बाय, गाव आसा हय!"

मग मी गोष्ट सांगितली, ती गावातली कोंबडी, कुत्रा, धुणं सगळं शोधत बसली. शेवटच्या कोऱ्या कागदावरून तिने तळहात फिरवला आणि विचारलं, "मगे तो गाव परत कोणाक गावलोच नाय?" नाही म्हटलं.

दुसऱ्या डोंगरावर हिरव्याचा एक कण सुटून पाटावर पडला होता, मोहरीच्या निम्म्याने. कागदाच्या पुडीत ठेवलाय, सुझौला गेल्यावर परत चिकटवायचा आहे. इथल्या हवेत गुंडाळी जास्त दिवस ठेवणं बरोबर नाही, म्हणून उद्याच सिलिका जेलच्या पुड्या टाकून नळीत बंद करते.